चार मीटर, चौदा सेकंद

वय ७९, वजन ४६ किलो, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया, ऑक्सिमीटरवर ८८. सातारा जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मंगळवारी रात्री अकरा वाजता आजी दाखल झाल्या, तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर हे सगळं नीट लिहिलेलं होतं. हालचालीच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता, 'चालत्या-फिरत्या'. (आजींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. बुधवारी सकाळी मला बोलावणं आलं ते छातीसाठी. कफ सुटत नाही, चेस्ट फिजिओ द्या. आमच्याकडे वॉर्डातून फिजिओला फोन येतो तो बहुतेक याचसाठी, नाहीतर खुब्याच्या ऑपरेशननंतर. न्यूमोनियाच्या पेशंटला चालवायला कोणी बोलवत नाही. मी गेले तेव्हा आजी पाठ उंच केलेल्या पलंगावर होत्या. नाकात ऑक्सिजनची नळी, डाव्या हातात सलाईन, पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी. कॅज्युअल्टीत रात्री कॅथेटर घातलेला, लघवी किती होते ते कळावं म्हणून. धाकटी सून उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली.

छातीचं काम झाल्यावर मी सूनबाईंना विचारलं, "दोन आठवड्यांपूर्वी आजी कुठवर जायच्या?"

"रोज दोन टायमाला डेरीवर दूध घालाय त्याच जायच्या की. रस्त्याच्या पलीकडं हाय डेरी. आन् संडास परसात, तिथं तर जावंच लागतंय."

'चालत्या-फिरत्या' या शब्दात यातलं काही नव्हतं. दोन वेळा दुधाची किटली घेऊन राज्य मार्ग ओलांडणारी बाई आणि भिंत धरून मोरीपर्यंत जाणारी बाई, दोघींच्या फाइलवर तोच शब्द पडतो. परसातला संडास किती लांब, ते मोठ्या मुलाला फोन करून पावलं मोजायला लावली. ओसरीपासून २२ पावलं, मध्ये दोन पायऱ्या, कठडा नाही, रात्री एक बल्ब. माझ्या कागदावर ध्येय म्हणून एवढंच लिहिलं. रात्री एकटीने २२ पावलं आणि दोन पायऱ्या.

त्या सकाळी चालणं झालं नाही. आडवं असताना रक्तदाब १२४/७४ होता, उभं केल्यावर एका मिनिटात १०२/६६. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. आजींचा २२ उतरला आणि त्या म्हणाल्या, "डोळ्यांपुढं काजवं आलं." मग पाय खाली सोडून बसवणं, घोटे वर-खाली करणं, थोड्या वेळाने खुर्ची. दुपारचं जेवण खुर्चीतच द्यायला लावलं. संध्याकाळपर्यंत सलाईन आणि दोन पेले ताक पोटात गेलं होतं. पुन्हा उभं केलं तेव्हा वरचा आकडा ११२ वर थांबला. वॉकर दिला, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मावशींच्या हातात, आणि पॅसेजमध्ये आलो.

चालण्याचा वेग मोजायची पद्धत सांगते, कारण इथेच गफलत होते. पॅसेजच्या फरशीवर मी मायक्रोपोरच्या, म्हणजे दवाखान्यातल्या चिकटपट्टीच्या, दोन पट्ट्या चार मीटर अंतरावर चिकटवून ठेवल्या आहेत. पहिल्या पट्टीच्या एक मीटर आधी उभं करायचं आणि दुसरीच्या एक मीटर पुढे थांबवायचं, म्हणजे वेग घेण्याचा आणि कमी करण्याचा वेळ मोजणीत येत नाही. स्टॉपवॉच मोबाइलमधलं चालतं. पेशंटच्या बरोबरीने चालायचं नाही, अर्धं पाऊल मागे राहायचं. बरोबरीने चाललं की आपणच त्यांना ओढत असतो. मी हे कॉलेजात शिकले होते आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी सर्रास विसरत होते. "चला, चला, भराभर" म्हणणंही बंद. "दुकानाला निघाल्यासारखं चाला" एवढंच सांगायचं. दोनदा मोजून चांगली वेळ धरायची.

पहिल्या दिवशी १४.२ सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.२८ मीटर.

हा आकडा कसा वाचायचा? तीव्र आजारासाठी दाखल असलेल्या ज्येष्ठांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्यांचा नेहमीचा वेग सरासरी ०.४६ निघाला. म्हणजे वॉर्डात सगळेच हळू असतात, आजी त्यातही खाली. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ०.८ ही रेघ बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्या खाली गेलेल्या माणसाकडे नीट बघायचं. अमेरिकेत २०११ साली ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र करून दाखवलं होतं की चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा घट्ट संबंध आहे. वेगात सेकंदाला ०.१ मीटरचा फरक पडला तरी तो मृत्यूच्या प्रमाणात उमटतो. ते लोक घरी राहणारे होते, न्यूमोनियाने झोपलेले नव्हते, त्यामुळे ते गणित आजींवर सरळ लावणं चूक. मला त्यातून घ्यायचं होतं ते वेगळंच. चालताना हृदय, फुप्फुस, स्नायू, सांधे, डोळे, कान, मेंदू सगळे एकाच वेळी राबतात. कुठेही काही बिघडलं की पहिली तक्रार पायांतून येते. २००९ सालापासून काही फिजिओथेरपिस्ट चालण्याच्या वेगाला 'सहावी महत्त्वाची खूण' म्हणू लागले, नाडी-ताप-श्वासाच्या पंगतीत बसवून, ते यासाठीच.

गुरुवारी सकाळी आजींनी चालायला साफ नकार दिला.

"जीव न्हाई माझ्यात, पोरी."

नाडी ८८, ताप नाही, रक्तदाब टिकलेला. दम कालच्यापेक्षा कमी. मी जरा समजावलं, मग जरा दामटलं, दोन्ही वाया. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे गं, दमल्यात त्या. पडल्या तर उत्तर कोण देणार?" सिस्टरांचा मुद्दा खोटा नाही. पेशंट पडला तर चौकशी होते. पेशंट आठ दिवस झोपून पायांतलं बळ घालवून घरी गेला तर कोणी चौकशी करत नाही.

सूनबाई मला दाराशी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना लाज वाटतीया मॅडम."

रुग्णालयाचा गाऊन पाठीमागून उघडा. दोन बंद, त्यातला एक तुटलेला. हातात लघवीची पिशवी घेऊन, पुरुष नातेवाईक बाकांवर बसलेल्या पॅसेजमधून जायचं. आयुष्यभर नऊवारीत वावरलेली बाई. काल संध्याकाळी अंधारात कशीबशी आल्या होत्या. आता उजेडात त्या म्हणत होत्या, "असल्या उघड्या कापडात चार माणसांत फिरू व्हय मी?" मी मात्र फाइलवर 'अशक्तपणामुळे सहकार्य नाही' असं लिहायच्या बेतात होते. असं वाक्य मी आधी किती जणांच्या फाइलवर लिहिलं असेल, कोण जाणे.

राउंडला फिजिशियन सर आले तेव्हा दोन गोष्टी मागितल्या. कॅथेटर अजून लागतो का, आणि अँटिबायोटिकच्या दोन डोसांच्या मधल्या वेळात सलाईनची नळी काढून हातातली कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) बंद करता येईल का. सरांनी दोन्हीला हो म्हटलं, जास्त न विचारता. कॅथेटर काढला. सूनबाईंनी पिशवीतून लुगडं काढलं. काष्टा घातला की सोगा पायात येत नाही, वॉकरसाठी गाऊनपेक्षा बराच बरा. वॉर्डातल्या निळ्या रबरी स्लीपर दोन नंबरांनी मोठ्या होत्या, त्याऐवजी घरून आलेल्या त्यांच्या चपला घातल्या. दुपारी ११.१ सेकंद. ०.३६.

एका दिवसात झालेल्या या फरकात व्यायामाचा वाटा किती? फारच थोडा. लुगडं, चपला आणि नळ्या यांचा जास्त.

खरं काम शुक्रवारपासून सुरू झालं. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण वीस मिनिटं. हे वेळापत्रक माझ्या मनातलं नाही. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे ३७० वृद्धांवर केलेल्या चाचणीचं आहे, २०१९ साली प्रसिद्ध झालेलं. सरासरी वय ८७. पाच ते सात दिवस, रोज दोन सत्रं, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. बसणं-उठणं, तोल आणि चालणं मिळून बारा गुणांची एक चाचणी असते, तिच्यात व्यायामवाल्या गटाला दुसऱ्या गटापेक्षा सरासरी २.२ गुण जास्त मिळाले. मला त्याहून बोलका वाटला तो त्याच अभ्यासातला दुसरा आकडा. रोजच्या कामांतलं स्वावलंबन शंभर गुणांत मोजलं होतं. नेहमीचे चांगले उपचार मिळालेल्या, पण व्यायाम न मिळालेल्या गटाचे पाच गुण रुग्णालयात असतानाच गेले.

त्यांच्याकडे पायांनी वजन ढकलायची यंत्रं होती. आमच्याकडे खुर्ची, पलंगाचा कठडा आणि सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. बाटली कापडी पिशवीत घालून घोट्याला बांधली की अर्धा किलो झालं. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, आठ वेळा, प्रत्येक पायाने. कठडा धरून टाचा उचलायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात न लावता खुर्चीवरून उठणं. बुधवारी आजींना ते एकदाही जमलं नव्हतं. म्हणून खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, जमू लागलं तशी एक उशी काढली. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागू द्यायचा. हे सांगितल्यावर आजींनी चालता चालता खरंच अभंगाची एक ओळ म्हणून पाहिली आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. दम बरोबर होता.

शुक्रवारी ८.४ सेकंद. ०.४८. ऑक्सिजन निघालेला. राउंडला मी तीन दिवसांचे आकडे वाचून दाखवले. सर म्हणाले, "एक्स-रे यापेक्षा हळू सुधारतोय." मी खूश होते, लपवत नाही.

शनिवारी सकाळी ११.४ सेकंद.

मला वाटलं घड्याळ चुकलं. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तर ११.६. वेग ०.३५, म्हणजे आदल्या दिवशीपेक्षा ०.१३ ने कमी. ज्येष्ठांमध्ये ०.०५ चा बदल जाणवण्याजोगा आणि ०.१ चा ठळक धरतात, तेव्हा हा मोजणीतला किरकोळ फरक म्हणता येत नव्हता.

पहिला संशय स्वतःवर. काल तीन फेऱ्या जास्त करून घेतल्या, पाय भरून आले असतील, आज विश्रांती द्यावी. फाइलवर तसं लिहायला पेनही उघडलं. पण बाकी काही जुळत नव्हतं. ताप नाही. ऑक्सिमीटर साध्या हवेवर ९५. नाडी ८४. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरत नाही. हात न लावता खुर्चीवरून उठणं काल तीनदा जमलं होतं, आजही तीनदा जमलं. म्हणजे बळ कालचंच. बिघडली होती ती चाल. पाय फरशीवरून घासत होते, वळताना वॉकर आधी जात होता आणि अंग मागून येत होतं. आणि दुधाचा टेम्पो आला का, हे आजींनी मला दहा मिनिटांत दोनदा विचारलं.

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "रातच्याला गोळी दिली तवापासनं अशाच हायत्या."

कोणती गोळी? फाइल उलटली. रात्री दीडच्या सुमाराला फोनवर घेतलेली ऑर्डर होती, अल्प्राझोलाम ०.२५, एकदाच. कारण, 'पेशंट झोपत नाही, सारखी उठते'. सारखी उठत होती कारण कॅथेटर गुरुवारीच निघाला होता आणि तिला लघवीला जायचं होतं. आजी आणि सून दोघींनाही ती कुठली गोळी ते माहीत नव्हतं. ड्यूटीवरच्या सिस्टरांनी वाईट हेतूने काही केलं नाही. रात्री तीस पेशंटमागे दोन सिस्टर, त्यात एक म्हातारी बाई दर तासाला पलंगावरून पाय खाली सोडते. कॅथेटर काढा म्हणणारी मी होते, आणि रात्री तिला संडासला कोण नेणार याची तजवीज मी केली नव्हती. ही चूक माझ्या खाती.

झोपेच्या या जातीच्या गोळ्या उतारवयात शक्यतो टाळाव्यात, असं सगळीकडच्या मार्गदर्शक याद्या सांगतात. शरीरातून त्या हळू निघतात, तोल बिघडवतात, गोंधळ वाढवतात. पण ११.४ सेकंदांना गोळीच कारणीभूत आहे हे मी पक्कं सांगू शकत नव्हते, आणि सरांना तसं सांगितलंही नाही. म्हटलं, "वेग पडलाय, बळ नाही पडलं, आणि मधे ही गोळी आहे." सरांनी गोळी बंद केली आणि सोडियम व लघवीची तपासणी पाठवली, नवा संसर्ग निसटू नये म्हणून. सोडियम १३४, म्हणजे किंचितच कमी, लघवी साफ.

त्या दिवशी व्यायाम बंद ठेवला नाही, निम्मा केला. रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली. झोपण्याआधी नऊला आणि पहाटे चारला सूनबाईंनी उठवायचं ठरलं. संध्याकाळनंतर चहा बंद, यावर मात्र आजी चिडल्या.

रविवारी फिजिओ नसतो. आजींचं काम त्या दिवशी सूनबाईंनी केलं, आणि न सांगता मोबाइलवर वेळही लावली. ९.६ सेकंद. सोमवारी मी विचारलं, घड्याळ कुठून सुरू केलं? "चला म्हटलं तवापासनं." म्हणजे उभ्या जागेपासून. तो आकडा चार्टवर लिहिला, पुढे फुली मारून. बाकीच्या आकड्यांच्या रांगेत तो बसत नाही, पण पुसायचं मन झालं नाही.

सोमवारी ७.१, म्हणजे ०.५६. मंगळवारी घरी जायच्या दिवशी ६.५, म्हणजे ०.६२. शेवटचा आकडा वॉकर सोडून काठीवरचा आहे, त्यामुळे तोही आधीच्यांशी तंतोतंत जुळवता येणार नाही. बारा गुणांच्या त्या चाचणीत बुधवारी २ होते, आता ५. पाच वेळा खुर्चीवरून उठायला २४ सेकंद. दोन पायऱ्या माझा हात धरून चढल्या, उतरताना एकदा थबकल्या.

५ म्हणजे काही शाबासकी नाही. न्यूमोनिया बरा झाला होता. पण दोन वेळा डेरीवर जाणारी जी बाई आजारी पडली होती, ती अजून परत आली नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असं छापील वाक्य आहे. त्याखाली मी वेग लिहिला आणि मोठ्या मुलाला बसवून समजावलं. निरोगी, सरासरी ६७ वयाच्या माणसांना १० दिवस पलंगावर ठेवून अमेरिकेत एक प्रयोग केला होता, २००७ साली तो छापून आला. पायांतला जवळपास एक किलो मांसल भाग गेला. ती माणसं आजारी नव्हती. तुमची आई ४६ किलोची, आजारी होती, तेव्हा "आता महिनाभर आराम कर गं आई" हे प्रेमाने म्हणू नका.

तो म्हणाला, "मॅडम, आम्ही तर खाटच आणून ठेवलीय नवीन."

खाट कामाला आली. ती उंच होती, त्यामुळे तिच्यावरून उठण्याचा सराव सुरू करता आला. रोज तीन वेळा आठ-आठ उठाबशा, अंगणात काठी घेऊन फेऱ्या, परसातल्या दोन पायऱ्यांना एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा. आजी माळकरी, त्यामुळे अंडी-मटण नाही. दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं भरवायची तर दूध, दही, मोडाची मटकी, डाळ, शेंगदाण्याचा कूट यांचाच हिशोब मांडावा लागला. दूध डेरीला घालायचं आणि घरात चहापुरतं ठेवायचं, ही रीत सूनबाईंनी त्या आठवड्यापासून मोडली, असं त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

तीन आठवड्यांनी आजी तपासणीला आल्या. ५.२ सेकंद, ०.७७. गुण ८. परसातला संडास एकटीने, रात्रीसुद्धा, कठडा धरून. माझ्या कागदावरचं ध्येय पुरं झालं होतं.

त्यांचं झालं नव्हतं. त्यांना डेरीवर जायचं होतं, आणि मुलगा जाऊ देत नव्हता. दोघांनी मला पंच केलं. मी गणित मांडलं. दोन पदरी रस्ता सात मीटरचा. ०.७७ ने ओलांडायला नऊ सेकंद. ताशी ६० ने येणारी गाडी नऊ सेकंदांत १५० मीटर येते. तुमच्या डेरीपाशी रस्ता १५० मीटर सरळ दिसतो का?

मुलगा म्हणाला, "एका बाजूनं दिसतो. साखर कारखान्याकडून वळण आहे."

आजी म्हणाल्या, "मग वळणाच्या अलीकडनं जाते. मोज की अजून एकदा, आत्ता मी हळू चालले व्हते."

पुन्हा मोजलं. ५.१.